कळमन्याची पट्टी आणि एक कोटी फोनांवरचं ॲप

अंबिया बहाराच्या दिवसांत नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याच्या गाड्या पहाटेपासून लागतात. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड, मोर्शी इकडून माल येतो, बोली होते, काट्यावर वजन होतं, आणि परतीच्या वाटेला लागण्याआधी कास्तकाराला हातात एक कागद हवा असतो: पट्टी, म्हणजे वजन, भाव, कपात आणि हाती येणारी रक्कम यांचा हिशोब. हे प्रकरण त्या कागदाचं आहे. कोटभर फोनांवर असलेलं बिल-खात्याचं मोफत ॲप तो कागद का काढत नाही, गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधल्या चार जणांच्या चमूने तो काढायला घेतला तेव्हा काय काय मोडलं, आणि दोन्हीकडे काय बांधायचं हे कोणत्या हिशोबाने ठरलं, ते पुढे आहे. प्रकरण नमुन्यादाखल बांधलेलं आहे. दुकान अडत्याचं, म्हणजे कास्तकाराच्या वतीने माल विकून देणाऱ्याचं आहे. दुकान, ॲप आणि चमू यांना नावं नाहीत, आणि त्यांच्याविषयीचे आकडे हिशोब नीट दिसावा म्हणून गोल घेतले आहेत.

एका गाडीची पट्टी

एक कास्तकार २,३०० किलो संत्रा घेऊन आला. त्यातला १,२०० किलो मोठा माल ३२,००० रुपये टनाने गेला, ८०० किलो मध्यम २४,००० ने, आणि ३०० किलो चुरी ११,००० ने. तीन प्रतींचे खरेदीदारही तीन. रक्कम झाली ३८,४०० अधिक १९,२०० अधिक ३,३००, म्हणजे ६०,९०० रुपये. त्यातून हमाली-तोलाईचे १,१५०, अडत्याने गाडीवाल्याला आधीच दिलेलं भाडं ४,५००, आणि कास्तकाराने पोळ्याच्या आधी घेतलेली उचल २०,००० वजा. कास्तकाराच्या हातात ३५,२५०, तेही त्याच दिवशी. तिन्ही व्यापारी मात्र आठ-पंधरा दिवसांनी पैसे देणार.

आता आडत, म्हणजे माल विकून दिल्याबद्दल अडत्याला मिळणारा मोबदला. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त केला, आणि आडत कास्तकाराकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. म्हणून ती ओळ कास्तकाराच्या पट्टीत येत नाही, व्यापाऱ्याच्या बिलात येते. ६ टक्के धरली तर मोठ्या मालाच्या व्यापाऱ्याचं बिल ३८,४०० अधिक २,३०४, म्हणजे ४०,७०४ रुपये. तिन्ही बिलं मिळून अडत्याची कमाई ३,६५४.

मोफत ॲपचा सगळा ढाचा एका गृहीतावर उभा आहे: दुकानदार मालाचा मालक आहे, समोर एक गिऱ्हाईक आहे, आणि एका विक्रीचं एक बिल होतं. किराणा, मोबाइल रिचार्ज, हार्डवेअर, कापड, सगळीकडे हे चालतं. अडत्याकडे चालत नाही. माल त्याचा नाही. एका मालाला तीन घेणारे आहेत. एकाच व्यवहारातून कास्तकाराला देणं आणि व्यापाऱ्याकडून येणं असे दोन धागे निघतात, आणि त्यांच्या तारखा वेगळ्या असतात. दिवाणजीने जमेल तशी जुगाड केली होती: कास्तकाराला पुरवठादार म्हणून टाकायचं, त्याच्याकडून ६०,९०० ची खरेदी दाखवायची, मग तीन विक्री बिलं करायची. कागद निघाला, पण हिशोब खोटा झाला.

खोटा किती, ते कराच्या अंगाने बघण्यासारखं आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १७ मार्च १९८६ च्या परिपत्रक क्रमांक ४५२ नुसार, दुसऱ्याच्या वतीने माल विकणाऱ्या कच्च्या अडत्याची लेखापरीक्षणासाठीची उलाढाल म्हणजे त्याला मिळालेली आडत. मालाची पूर्ण किंमत त्यात धरायची नाही. ॲपच्या अहवालात मात्र या गाडीची उलाढाल ३,६५४ ऐवजी साठ हजारांच्या पुढे दिसते. दिवसाला ४० गाड्यांच्या दुकानात हे महिनाभर चाललं की सीए कपाळावर हात मारतो आणि सगळं पुन्हा वहीतून काढतो. (हे ॲप आपला पैसा कर्जाच्या मध्यस्थीतून कमावतं. फुगलेली उलाढाल त्या धंद्याला फारशी टोचत नाही, एवढं नोंदवून पुढे जाऊ.)

मागणी कुठे अडली

दुकानाने ॲपच्या मदत कक्षाला दोनदा लिहिलं. 'तुमची सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे' असं दोनदा उत्तर आलं. इथे सहसा निष्कर्ष निघतो की बंगळुरू-मुंबईत बसलेल्यांना कळमना माहीत नाही. माहीत नसेलही. पण माहीत असतं तरी निकाल बदलला नसता, कारण तिथे कामं ज्या पद्धतीने लावली जातात त्या पद्धतीतच पट्टी तळाला जाते.

अशा कंपन्यांमध्ये रुळलेली एक पद्धत म्हणजे इंटरकॉम या कंपनीने प्रसिद्ध केलेली 'राइस'. किती जणांपर्यंत पोहोचेल, गुणिले प्रत्येकावर परिणाम किती, गुणिले खात्री किती, भागिले मेहनत. दोन कामं या तराजूत घालू. पहिलं, उधारीची आठवण सकाळी दहाऐवजी संध्याकाळी सातला पाठवणे: १ कोटी लोक, परिणाम ०.२५, खात्री ८० टक्के, मेहनत एका माणसाचा एक महिना. गुण आले २०,००,०००. दुसरं, अडत्याची पट्टी: देशभर धरून ५,००० दुकानं, परिणाम ३, खात्री ५० टक्के, मेहनत सहा माणूस-महिने. गुण १,२५०. म्हणजे १,६०० पटींचा फरक.

या सूत्रात परिणामाची मोजपट्टी ०.२५ पासून ३ पर्यंतच जाते. ज्याच्यावाचून धंदा अडतो ती गोष्ट आणि ज्याने कोणाचं काही बिघडत नाही ती गोष्ट, यांत सूत्राच्या मते जास्तीत जास्त १२ पटींचा फरक असू शकतो. माणसांच्या संख्येला मात्र वरची मर्यादाच नाही. गरज बारापर्यंत मोजायची आणि डोकी कोटीपर्यंत, असा तो तराजू. सूत्र न वापरता नुसत्या अंदाजाने कामं ठरवणाऱ्या कंपनीतही हेच होतं, कारण मुळातला खर्च तसा आहे: एकदा लिहिलेला प्रोग्राम पुढच्या माणसाला द्यायला जवळजवळ काही पडत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप घेण्याचं जाहीर केलं तेव्हा तिथे सुमारे ५५ माणसं होती आणि वापरणारे ४५ कोटी. एका माणसामागे ८० लाखांहून जास्त गिऱ्हाइकं. तिथे पाच हजार लोकांसाठी सहा महिने देणं म्हणजे उरलेल्या कोटींचं काम थांबवणं, असंच दिसणार.

दुसरी अडचण मोजमापाची. मोठं ॲप कोणताही बदल आधी काही लोकांवर करून बघतं आणि बदल न केलेल्या दुसऱ्या गटाशी त्यांची तुलना करतं. पाच टक्के लोक एखादं बटण दाबत असतील आणि बदलाने ते साडेपाच टक्के होतात का हे खात्रीने बघायचं असेल, तर रूढ ठोकताळ्याने प्रत्येक बाजूला सुमारे ३०,००० माणसं लागतात. कोटीच्या ॲपला ती एका दुपारी मिळतात. अडत्यांची ३०० दुकानं घेतली, १५० इकडे आणि १५० तिकडे, तर पाचाचे थेट बारा टक्के झाल्याशिवाय काही ठामपणे म्हणता येत नाही. परिणामी, ज्याचा पुरावा आलेखात दाखवता येतो असं काम उचललं जातं. पट्टी चांगली निघाली याचा पुरावा कळमन्यात उभं राहून दिसतो. पण पदोन्नतीच्या अर्जाला आलेख जोडता येतो, कळमना जोडता येत नाही.

तिसरी गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही: फोन. १ कोटी वापरणाऱ्यांपैकी महिन्याला हजारात एकानेच फोन केला तरी १०,००० फोन. प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर १,६६७ तास, म्हणजे फक्त फोन उचलायला दहा-अकरा माणसं. ज्या गिऱ्हाइकाकडून वर्षाला काही रुपयेच सुटतात त्याच्या एका फोनात वर्षाची कमाई जाते. पट्टी हा तर फोन आणणारा प्रकार आहे. भाव चुकला, उचल दोनदा कापली, व्यापाऱ्याने माल परत केला, कालची पट्टी आज दुरुस्त करायची आहे. म्हणून मोठ्या ॲपमध्ये जुन्या तारखेची दुरुस्ती नसते किंवा पाच पडद्यांआड लपवलेली असते. बांधायला ती अवघड नाही. बांधल्यावर वाजणारा फोन महाग आहे.

पैसा कुठून येतो याचाही यात हात आहे. यूपीआयचे व्यवहार ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला १,००० कोटींच्या वर गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींच्या. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून थेट होणाऱ्या अशा व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. मग ॲपवाले कमावतात ते कर्ज, विमा आणि पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याचं भाडं यांवर. दुकानदार रोज ॲप उघडेल आणि त्याच्या उधारीचा अंदाज येईल, एवढ्यासाठी जे लागतं ते फुकट आणि उत्तम बांधलेलं असतं. त्यापलीकडचं बांधायला कोणी पैसे देत नाही.

चार जणांचं काम

त्या चार जणांच्या चमूने काम घेतलं तेव्हा त्यांच्याकडे पैसे थोडे होते, पण पायाभूत सामान फुकट होतं: लिनक्स ही संगणकप्रणाली, माहिती साठवणारं पोस्टग्रेस, नोटो आणि मुक्त यांसारखे मोफत देवनागरी फाँट, स्वस्त अँड्रॉइड फोन. हेही प्रचंड संख्येचंच देणं आहे. जे सगळ्यांना लागतं ते जगाने बांधून ठेवलं आहे. चमूने फक्त वरचा पातळ थर लिहायचा होता. पण सगळे दगड त्या थरातच निघाले.

पहिला दगड छपाईचा. पावती छापणाऱ्या थर्मल प्रिंटरला स्वतःची अक्षरं असतात, पण स्वस्त प्रिंटरांत देवनागरी नसते. म्हणून मराठी पट्टी चित्र करून पाठवावी लागते. ८० मिलिमीटर कागदावर छापण्याजोगी रुंदी ७२ मिलिमीटर, मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ओळीला ५७६ ठिपके किंवा ७२ बाइट. १५ सेंटिमीटरच्या पट्टीत अशा १,२०० ओळी, एकूण ८६,४०० बाइट. हीच पट्टी इंग्रजी अक्षरांत असती तर काहीशे बाइटांत भागलं असतं. दुकानातला प्रिंटर जुन्या सिरियल तारेवर ९,६०० बॉडला होता, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६० बाइट. एका पट्टीला दीड मिनिट. शिवाय प्रिंटरची साठवण भरली की निम्म्या पट्टीनंतर अगम्य चिन्हांची माळ.

पहिल्या सोमवारी सकाळी सातला दिवाणजीचा फोन आला: "भाऊ, पट्टी अर्धीच निघून राहिली. कास्तकार उभा आहे, गाडीवाला हॉर्न वाजवून राहिला."

उपाय तीन भागांत निघाला. दुकानाचं नाव आणि न बदलणारे शब्द यांचं चित्र एकदाच प्रिंटरच्या कायम स्मृतीत ठेवलं. रुपये आणि किलो प्रिंटरच्या स्वतःच्या, इंग्रजी वळणाच्या आकड्यांत छापले. ते फोनवर आणि काट्याच्या पडद्यावर सगळेच वाचतात. चित्र म्हणून फक्त कास्तकाराचं नाव, गाव आणि मालाची प्रत पाठवली: ४० ठिपके उंचीच्या तीन ओळी, ८,६४० बाइट. दीड मिनिटाचे नऊ-दहा सेकंद झाले. पुढे यूएसबी प्रिंटर आला तेव्हा एवढ्या काटकसरीची गरज उरली नाही, पण पद्धत तीच ठेवली, कारण सगळ्या दुकानांत नवा प्रिंटर नव्हता.

दुसरा दगड आकड्यांचा. पडद्यावर रक्कम दाखवायला चमूने जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतली तयार सोय वापरली आणि भाषा मराठी ठेवली. जगभर वापरल्या जाणाऱ्या भाषा-माहितीच्या सीएलडीआर या साठ्यात मराठीसाठी आपोआप येणारे आकडे देवनागरी आहेत, हिंदीसाठी इंग्रजी वळणाचे. म्हणून मराठीत '३५,२५०' असं आलं. दिसायला सुरेख. तोच मजकूर पुन्हा वाचून बेरीज करायला गेल्यावर जावास्क्रिप्टने तो आकडा मानलाच नाही. पायथॉन या दुसऱ्या भाषेला '३५२५०' हा आकडा कळतो, जावास्क्रिप्टला नाही. शिवाय दिवाणजीने अहवाल स्प्रेडशीटमध्ये उघडला की तो स्तंभ मजकूर म्हणून पडायचा आणि बेरीज शून्य यायची. नियम साधा केला: साठवण आणि निर्यात नेहमी इंग्रजी वळणाच्या आकड्यांत, देवनागरी फक्त डोळ्यांपुढे.

तिसरा दगड बघायला सगळ्यात छोटा. कुऱ्हा गावच्या एका कास्तकाराची २०,००० ची उचल पट्टीत कापलीच गेली नाही. शोधल्यावर दिसलं की त्याची दोन खाती झाली होती आणि दोन्हींत गावाचं नाव अगदी सारखं दिसत होतं. मराठीतला तो अर्धा, पापणीसारखा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलंत देऊन, किंवा साध्या 'र' ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. एक कीबोर्ड पहिली तऱ्हा देतो, दुसरा दुसरी. डोळ्याला फरक शून्य, संगणकाला वेगळे शब्द. युनिकोड या संगणकातल्या अक्षरांच्या मानकाच्या रूढ एकरूपीकरणाने हे दोन एक होत नाहीत. चमूला स्वतःचा नियम लिहावा लागला: शोधण्याआधी आणि साठवण्याआधी दुसरी तऱ्हा पहिलीत बदलायची. नियम चार ओळींचा. पण देवनागरी चालते का हे हिंदीत तपासून पुढे जाणाऱ्याला तो सुचणार नाही, कारण हिंदीला हा र लागत नाही. देवनागरीच्या नावावर हिंदीने बहुतेक डोकी मोजून झालेली असतात. उरलेली डोकी मराठीची, आणि त्यांतली ज्यांच्या गावाच्या किंवा आडनावाच्या पोटात तो र आहे, तेवढ्यांपुरती ही चूक.

आणि काट. खराब, गळक्या फळापोटी वजनातून काही किलो कमी धरायची प्रथा. दोन-तीन दुकानांची मागणी होती की काट वेगळी न दाखवता वजनच कापून छापावं. ही कपात नियमात बसणारी नाही. चमूने काट्यावरचं वजन आणि काट अशा दोन ओळी छापायचं ठरवलं. दोन दुकानं त्यावरून सोडून गेली. कोटीच्या ॲपला हा प्रश्न कधी पडतच नाही, आणि तिथे तो पडला असता तर सगळ्यात बिनबोभाट उत्तर, म्हणजे ओळच नसणं, निवडलं गेलं असतं.

चमूलाही तोच हिशोब

पहिल्या वर्षी दर होता दुकानामागे १२,००० रुपये. दुकानं मिळाली ६०, म्हणजे ७,२०,०००. चौघांचा वर्षाचा खर्च २४ लाख. भागवायला २०० दुकानं हवी होती. म्हणून कांदा, डाळिंब, मिरची, भाजीपाला असे इतर बाजार खुणावू लागले. प्रत्येकाची पट्टी वेगळी: कुठे क्विंटल, कुठे क्रेट, कुठे पोतं. एकाच ॲपमध्ये सगळं बसवायला निवडीचा पडदा झाला, त्यावर चाळीस खटके. तो दिवाणजीला उमगेना, म्हणून 'सर्वसाधारण पट्टी' नावाची एकच सोपी मांडणी आली. त्यात काटेची ओळ नव्हती, प्रतवार भाव एका ओळीत कोंबले होते. ज्या कारणासाठी कळमन्याच्या दुकानांनी पैसे दिले तेच कारण गेलं. काही दुकानं मुकाट्याने कार्बनच्या पट्टी-पुस्तकाकडे परतली. कोणी तक्रारही केली नाही. दोनशेच्या मागे लागलेल्या चार माणसांच्या हातून कोटीच्या ॲपचीच चूक झाली.

पुढच्या हंगामात दर बदलला: वर्षाचे १२,००० नाहीत, पट्टीमागे ४ रुपये. संत्र्याचं दुकान बारा महिने सारखं चालत नाही. अंबिया आणि मृग असे दोन बहार संपले की वर्गणी डोळ्यांत खुपते. दिवसाला ४० पट्ट्या, वर्षात १५० दिवस, म्हणजे ६,००० पट्ट्या आणि २४,००० रुपये. तेवढ्याच दुकानाकडून दुप्पट, आणि दुकानदाराला ते हमालीसारखं वाटतं, कारण माल आला तरच द्यायचं. आता १०० दुकानांत खर्च निघत होता. शंभरांसाठी कळमन्याच्या बाहेर फार लांब जावं लागत नाही, म्हणून काटेची ओळ परत आली आणि सर्वसाधारण पट्टी बंद झाली.

नव्या दराने नवा खोडसाळपणाही आणला. पट्टी चुकली आणि पुन्हा छापली की ८ रुपये लागत. चमूला चुका कमी करण्यात पैसा नव्हता, दुकानाला वाटलं मुद्दाम करतात. वादावादीनंतर मोजणी छपाईवरून काढून गाडीच्या आवक क्रमांकावर नेली. एक गाडी, चार रुपये, पट्ट्या कितीही. त्याच आठवड्यात जुन्या तारखेची दुरुस्ती एका पडद्यावर आली. आधीच्या वर्षभर ती 'पुढे बघू' च्या यादीत पडून होती.

मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा पट्टीला जागा नसतेच असं मात्र नाही. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरने टीडीएल ही प्रोग्राम लिहिण्याची स्वतःची भाषा बाहेरच्यांना खुली ठेवली, म्हणून गावोगावचे टॅलीवाले आपापल्या बाजाराचे नमुने लिहून विकतात. पाच हजारांचं काम कंपनीने करायचं नाही, पण दार उघडं ठेवायचं, आणि फोन स्थानिक माणसाने उचलायचा. मोफत मोबाइल ॲपला हे जड जातं: पैसा ॲप उघडण्यात असेल तर दुसऱ्याच्या पडद्यावर गिऱ्हाईक पाठवणं तोट्याचं. या चमूने पट्ट्यांची निर्यात टॅलीत जाईल अशी केली, आडत उत्पन्नात आणि कास्तकाराचे पैसे देण्यात, त्यामुळे सीएचं पुन्हा वही उघडणं थांबलं.

सध्या फळबाजारातला एक डाळिंबाचा अडत्या मागे लागला आहे. त्याचा माल क्रेटमध्ये येतो. रिकाम्या क्रेटचं वजन किती धरायचं, आणि ते काट्यावरच वजा करायचं की पट्टीत ओळ दाखवायची, यावर त्याचं आणि चमूचं अजून एकमत झालेलं नाही.